जुळले, पण काय कशाशी जुळले?

शिक्षकांच्या एका संगणक प्रशिक्षणात वाटलेले टिपण माझ्यासमोर आहे. ते कोणी काढले याला येथे महत्त्व नाही. अशी टिपणे अनेक ठिकाणी वाटली जातात आणि एकमेकांवरून उतरवलीही जातात. त्यात बॅकअपविषयी दोन वाक्ये आहेत. आशय असा, की पेनड्राइव्हची इमेज घेतल्यावर तिचा चेकसम काढून तो जुळवून पाहावा, आणि तो जुळला की बॅकअप सुरक्षित आहे असे समजावे. पहिल्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट ते टिपणात आले याचा आनंदच आहे. दुसरे वाक्य मात्र चूक आहे, आणि ही चूक शब्दांची नसून विचाराची आहे. त्या एका वाक्याने आमच्या शाळेचे काय झाले ते सांगतो, म्हणजे मी एवढ्या दोन ओळींसाठी लेखणी का उचलली हे वाचकांच्या लक्षात येईल.

आमची शाळा अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात आहे. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर १९५० च्या आधीपासूनचे आहे. त्याची पाने हाताळली की कडा गळून पडतात. पण त्याला मागणी मोठी. कोणाला जन्मतारखेचा पुरावा हवा असतो, तर कोणाला जात-पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतील नोंदीचा उतारा. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे नेमकी जुनी, जीर्ण पानेच पुन्हा पुन्हा उघडली जातात. म्हणून आम्ही अमरावतीहून ही रजिस्टरे स्कॅन करून आणली. चित्रे १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर आली. टिपणाप्रमाणे आम्ही त्या पेनड्राइव्हची इमेज शाळेच्या संगणकावर घेतली, ती इमेज बाजारातून आणलेल्या ६४ जीबीच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवली, चेकसम काढला आणि आकडे ताडून पाहिले. ६४ चिन्हांपैकी ६४ जुळली. काम करणारे माझे सहकारी म्हणाले, "जुळलं नं सर, मंग कायचं टेन्शन?" मलाही कसले टेन्शन वाटले नाही. दोन वर्षांनी संगणक बंद पडला, दुसरा पेनड्राइव्ह काढला, आणि अर्ध्यानंतरची रजिस्टरे उघडेनात.

मग ते जुळले होते, ते काय?

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. पेनड्राइव्हची इमेज म्हणजे त्यातील फाइलींची नुसती नक्कल नव्हे. पेनड्राइव्हवरील जागा ५१२ बाइटांच्या सेक्टरांत मोजली जाते. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जे असेल ते, म्हणजे फाइली, त्यांची अनुक्रमणिका, पुसलेल्या फाइलींचे अवशेष, अगदी रिकामी जागासुद्धा, क्रमाने एका मोठ्या फाइलमध्ये उतरवली की ती इमेज झाली. म्हणून १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर एकच चित्र असले, तरी साधी इमेज १६ जीबीचीच होते.

चेकसम ही कल्पना आठवीच्या वर्गात दहा मिनिटांत करून दाखवता येते. फळ्यावर ४, ७, २, ९ हे अंक लिहा. बेरीज २२. एखाद्या मुलाने उतरवताना ९ च्या जागी ८ लिहिले तर बेरीज २१ येईल आणि चूक पकडली जाईल. पण त्याने ७, ४, २, ९ असे लिहिले तर? बेरीज पुन्हा २२. आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणून बेरीज करा. मूळ ओळीची बेरीज ४ + १४ + ६ + ३६ म्हणजे ६०, आणि अदलाबदल झालेल्या ओळीची ७ + ८ + ६ + ३६ म्हणजे ५७. अदलाबदल सापडली. पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी आयएसबीएन क्रमांकाचा शेवटचा अंक याच युक्तीने काढला जात असे. आधारच्या बारा अंकांतील शेवटचा अंकही असा पडताळ्याचा अंक आहे. त्याची रीत डच गणिती व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. संगणकाच्या फाइलींसाठी वापरली जाणारी सीआरसी ही पीटरसन यांची १९६१ ची पद्धत, रिव्हेस्ट यांची एमडी-५ (१९९२ मध्ये प्रसिद्ध) आणि तिच्यानंतरची एसएचए-२५६ ही याच घराण्यातली अधिकाधिक कसलेली भावंडे म्हणता येतील. एसएचए-२५६ मध्ये फाइल कितीही मोठी असो, उत्तर २५६ बिटांचे येते आणि ते ६४ चिन्हांत लिहितात. मूळ फाइलमधील एक बिट बदलला तर उत्तरातील सुमारे निम्मे बिट बदलतात. शक्य उत्तरांची संख्या एकावर ७७ शून्ये देऊन होणाऱ्या संख्येहूनही मोठी आहे. तेव्हा दोन फाइलींचे हे उत्तर सारखे आले तर त्या फाइली तंतोतंत सारख्या आहेत, असे आपण निःशंकपणे म्हणू शकतो.

एवढेच म्हणू शकतो. त्यापुढचा एक शब्दही नाही. टिपणकर्त्याने 'सारख्या' या शब्दाच्या जागी 'सुरक्षित' हा शब्द ठेवला आणि तो ठेवताना त्याला काहीच खटकले नाही.

आमच्या बाबतीत घडले ते हास्यास्पद होते. इमेजचा आकडा दोनदा काढला गेला खरा, पण दोन्ही वेळा संगणकातल्याच फाइलचा. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, दोन्हींत फाइलचे नाव एकच, आणि घाईत दुसऱ्या वेळी पेनड्राइव्हऐवजी पुन्हा संगणकावरची फाइल निवडली गेली. आकडे न जुळते तरच नवल. ज्या पेनड्राइव्हची परीक्षा घ्यायची तो परीक्षेला बसलाच नव्हता! शिवाय तो ६४ जीबीचा नव्हताच. अशा बनावट पेनड्राइव्हमध्ये प्रत्यक्ष साठवण थोडी असते, पण आतील नियंत्रक संगणकाला मोठा आकडा सांगतो. क्षमता संपली तरी तो 'लिहिले' असेच उत्तर देतो. पुढचा मजकूर कधी हवेत विरतो, तर कधी आधीच्या मजकुरावरच लिहिला जातो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा लिनक्सवरील एफ-३ या विनामूल्य आज्ञावली पेनड्राइव्ह ओळखीच्या मजकुराने पूर्ण भरून तो परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. आमच्या ६४ जीबीमध्ये ८ जीबीसुद्धा पुरते नव्हते. टिपणात याबद्दल अवाक्षर नाही, आणि नवा पेनड्राइव्ह आणला की पहिले काम हेच असायला हवे.

'पडताळले' या शिक्क्याची ही गफलत आजची नाही. ज्यांनी डॉसच्या काळात फ्लॉपीवर कामे केली त्यांना आठवत असेल, की कॉपीच्या आज्ञेपुढे व्ही हे अक्षर लावले की नक्कल पडताळून केली जात असे. लोक ते श्रद्धेने लावत. प्रत्यक्षात तेव्हा मूळ फाइल आणि नक्कल यांची तुलना होतच नसे. लिहिलेला सेक्टर पुन्हा वाचता येतो की नाही आणि त्याचा सीआरसी बरोबर आहे की नाही, इतकेच पाहिले जाई. म्हणजे चुकीचा मजकूर व्यवस्थित लिहिला गेला असेल तर तोही पडताळणीत उत्तीर्ण!

आजच्या आज्ञावली यापेक्षा बऱ्या आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. बलेना-एचर इमेज पेनड्राइव्हवर लिहिल्यावर ती परत वाचून ताडते. विन-३२ डिस्क इमेजरमध्ये केवळ पडताळणीसाठी वेगळे बटण आहे. रूफस निवडलेल्या इमेजचा हॅश काढून दाखवते; तो संगणकातल्या इमेजचा असतो, पेनड्राइव्हवर काय उतरले त्याचा नव्हे. लिनक्समधील डीडी ही आज्ञा तर जे सांगाल ते करते आणि आपणहून काहीच तपासत नाही. टिपणात या चारही नावांची यादी आहे. फरकाची एक ओळ तेथे असती तर यादीला अर्थ आला असता.

परत वाचण्यातही एक खाच आहे. संगणक नुकताच लिहिलेला मजकूर आपल्या स्मृतीत धरून ठेवतो. लगेच चेकसम काढायला सांगितले तर लहान फाइलच्या बाबतीत तो पेनड्राइव्हकडे न जाता स्मृतीतलाच मजकूर मोजून मोकळा होऊ शकतो. म्हणून पेनड्राइव्ह रीतसर बाहेर काढावा, पुन्हा लावावा, आणि मगच मोजावे. शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर लावावा.

आता समजा हे सारे नीट केले. तरीही जुळणे आणि शाबूत असणे यांत अंतर उरतेच. ते समजावून घेण्यासाठी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरला जाऊ. महानुभाव परंपरेप्रमाणे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या आणि इ. स. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना, तेव्हा त्यांनी वाद मिटवण्यासाठी एक पाठ ठेवून दुसरा पुसला नाही. वेगळी आठवण 'वासना' म्हणून कोणाची ते सांगून नोंदवली. ही पद्धत मला आजच्या अनेक संगणकी पडताळण्यांपेक्षा प्रामाणिक वाटते. हॅश फक्त 'जुळले नाही' म्हणतो. कोठे आणि कसे जुळले नाही ते सांगत नाही. १६ जीबीच्या इमेजमध्ये एक बिट उलटला काय आणि निम्मी इमेज कोरी झाली काय, त्याचे उत्तर एकच. म्हणून संपूर्ण इमेजच्या एका आकड्यावर न थांबता आतील प्रत्येक फाइलचा आकडा वेगळा काढून ठेवावा. मग बिघाड एका पानापुरता आहे की सगळीकडे, ते कळते.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलकाराचे एक निवेदन बहुधा असते. समोर जशी प्रत होती तशी मी उतरवली, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये, असा त्याचा भाव. जुळलेला चेकसम हे तंतोतंत असेच निवेदन आहे. मूळ प्रत वाळवीने खाल्लेली असेल तर नक्कलही तशीच असणार, आणि नकलकार खोटे बोललेला नसणार. पेनड्राइव्हमधील वाळवी म्हणजे न वाचता येणारे सेक्टर. फ्लॅश-स्मृतीत मजकूर विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो आणि तो भार हळूहळू गळतो. तापमान जितके जास्त तितका लवकर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आमच्या गावात, पत्र्याखालच्या खोलीतील लोखंडी कपाटात पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे ठेवणे म्हणजे काय, ते वाचकांनीच ठरवावे. आतील नियंत्रक थोड्या चुका स्वतःच दुरुस्त करतो. त्या मर्यादेपलीकडे गेल्या की सेक्टर वाचता येत नाही. अशा वेळी डीडीला 'चूक आली तरी पुढे जा आणि जागा भरून काढ' असे सांगण्याची सोय आहे, आणि कित्येक जण ते सवयीने सांगतात. ती न वाचलेल्या जागी शून्ये भरते. झालेल्या इमेजचा हॅश काढला की तो आजही जुळेल, दहा वर्षांनीही जुळेल. शून्ये अगदी सुरक्षित राहतील! याउलट डीडीरेस्क्यू ही आज्ञावली कोणती जागा वाचता आली नाही त्याचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवते. नकलकाराने खाल्लेल्या अक्षरांच्या जागी रेघा ओढून ठेवाव्यात तसे.

तोच प्रकार पासवर्डचा. आमच्या टिपणात बॅकअपला पासवर्ड लावल्यास तो 'अधिक सुरक्षित' होतो असेही म्हटले आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्याने ग्रंथ परक्यापासून झाकला जातो. नक्कल करणाऱ्याच्या चुकीपासून वाचत नाही. उलट संकेताची किल्ली हरवली तर शाबूत पोथीही मुकी होते. गुप्तता आणि अबाधितता हे दोन वेगळे गुण आहेत, एवढे तरी शिक्षकांच्या टिपणात वेगळे ठेवायला हवे होते.

उलट्या बाजूचीही फसगत होते, आणि तिने शिक्षक अधिक घाबरतात. आकडा जुळला नाही म्हणजे बॅकअप बिघडला असेही नाही. दोन कंपन्यांचे '१६ जीबी' पेनड्राइव्ह सेक्टरांच्या मोजणीत क्वचितच सारखे असतात. लहान इमेज मोठ्या पेनड्राइव्हवर लिहून मग सगळा पेनड्राइव्ह मोजला तर शेपटीचे जुने सेक्टर मोजणीत येतात आणि उत्तर वेगळे निघते. इमेजच्या लांबीइतकेच बाइट मोजायला हवेत. विंडोज तर नुसता पेनड्राइव्ह लावला तरी त्यावर स्वतःचा एखादा फोल्डर लिहू शकते. रूफस आयएसओ पद्धतीने चालवली तर ती इमेजमधील फाइली सुट्या करून मांडते, त्यामुळे पेनड्राइव्ह आणि आयएसओ बाइटशः कधीच जुळणार नाहीत. पहिल्या फेरीत असा न जुळलेला, पण पूर्ण निर्दोष पेनड्राइव्ह आम्ही फॉरमॅट करून टाकला होता, हेही कबूल करतो.

आतापर्यंत अपघाताचा विचार केला. कोणी मुद्दाम बदल केला तर? २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून कोणीतरी डाउनलोडचा दुवा बदलला आणि चोरदार ठेवलेली आयएसओ लोकांच्या माथी मारली. ज्याच्या हातात दुवा आहे त्याच्या हातात शेजारी छापलेला चेकसमही असू शकतो. चोरानेच पावती लिहून द्यावी तसा प्रकार. आम्हीही चेकसमची फाइल त्याच पेनड्राइव्हवर ठेवली होती. पेनड्राइव्ह गेला की आकडाही जाणार होता. आकडा दुसऱ्या जागी हवा, शक्यतो कागदावर.

पद्धत कोणती हेही पाहावे लागते. एमडी-५ मध्ये एकच उत्तर देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली तयार करता येतात हे शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. एसएचए-१ बाबत तेच काम गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने २०१७ मध्ये केले. तरीही १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५ या तिन्हींच्या चौकटी आहेत. हॅश नोंदवणे कायद्याने नमुन्यात आणले हे मोठेच पाऊल आहे. पण दोन कमकुवत पद्धती तिसरीच्या रांगेत बसवणे मला पटत नाही. येथे तारतम्यही हवे. उन्हाने किंवा धुळीने होणारा बिघाड पकडायला एमडी-५ आजही पुरते. ऊन काही गणित करून फसवत नाही. माणूस फसवू शकतो, म्हणून जेथे माणसाचा संबंध आहे तेथे एसएचए-२५६ च. आणि वापरायला ती काही अवघड नाही. विंडोजमध्ये सर्टयूटिल आणि लिनक्समध्ये शा-२५६-सम ही आज्ञा आधीपासूनच असते.

टिपणातले ते दुसरे वाक्य मी लिहिले असते तर ते लांबलचक झाले असते, याची कल्पना आहे. मूळ पेनड्राइव्हवर काही लिहिण्याआधी त्याचा आकडा काढा. मग इमेजचा काढा, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरच्या नकलेचा, तो काढून-लावून. तिन्ही आकडे, तारीख, पद्धतीचे नाव आणि आकडा कोणत्या जागेवरच्या फाइलचा आहे ते वहीत लिहा. आणि मग ज्याला टिपणात स्थानच नाही ते करा: तिसऱ्या, कोऱ्या पेनड्राइव्हवर ती इमेज परत उतरवा आणि अधलीमधली दहा-वीस पाने उघडून डोळ्यांनी वाचा. हे काम कंटाळवाणे आहे. दर वर्षी उन्हाळ्याआधी आणि नंतर ते करावे लागते. क्लोनझिला घेतलेली इमेज पुन्हा उतरवण्याजोगी आहे का ते विचारून तपासते, ही चांगली सोय आहे. पण पान वाचता येते की नाही ते तिलाही माहीत नसते.

आमच्या रजिस्टरांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. अमरावतीहून आलेला पहिला पेनड्राइव्ह मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात सापडला. डीडीरेस्क्यूने तो वाचायला एक रात्र आणि एक दिवस घेतला. १९६४ सालची एक नोंद हवी असलेले मूर्तिजापूरचे एक गृहस्थ त्या वेळी कार्यालयात बसून होते. त्यांचे पान निघाले. नकाशाच्या फाइलमध्ये न वाचलेल्या ११ जागा आहेत. त्या कोणत्या पानांच्या आहेत ते आमचे लिपिक आणि मी रोज शाळा सुटल्यावर कागदी रजिस्टर उघडून शोधत आहोत. आतापर्यंत सात सापडल्या.